घरातलं माणूस गेल्यावर कागदांचं काय करायचं: मृत्यूच्या दाखल्यापासून मृत्युपत्रापर्यंत

वडील गेले तेव्हा माझ्या वाट्याला एक पत्र्याची ट्रंक आली. आत कापडदुकानाच्या जुन्या पिशव्या आणि पिशव्यांत कोंबलेले कागद. एका पिशवीत तीन बँकांची पासबुकं, त्यातलं एक खातं कधीच बंद झालेलं. दुसरीत विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या, पण पॉलिसीचा पत्ता नाही. तिसरीत गावच्या जमिनीचा सातबारा, त्यावर अजून आजोबांचंच नाव. सगळं मार्गी लागायला पावणेदोन वर्षं गेली. त्यातला निम्मा वेळ फक्त चुकीच्या क्रमाने धावल्यामुळे वाया गेला. ज्या कागदाशिवाय पुढचं दार उघडत नाही, तो शेवटी मिळवायला गेलो होतो.

हा लेख महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे, आणि वाट्यांबद्दल जे लिहिलंय ते मुख्यतः हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ धरून. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. मुस्लिम कुटुंबांत वाटे शरियतप्रमाणे ठरतात, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे. कार्यालयांच्या पायऱ्या मात्र सगळ्यांना जवळपास सारख्याच.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत एकच काम खरोखर तातडीचं असतं, ते म्हणजे मृत्यूची नोंद. ती २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर नोंद तिथूनच जाते. घरी झाला असेल तर डॉक्टरांचा दाखला घेऊन घरच्यांनी महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत कळवायचं. उशीर झाला तर आधी विलंब शुल्क, मग अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश, अशी शिडी वाढत जाते.

दाखल्याचा अर्ज भरताना डोळ्यांत पाणी असतं आणि समोरचा कारकून घाईत असतो. तरीही नाव आधारकार्ड आणि पासबुक समोर ठेवून, अक्षर न् अक्षर जुळवून लिहा. आमच्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर ‘दत्तात्रेय’, बँकेत ‘दत्तात्रय’ आणि सातबाऱ्यावर ‘दत्तु’ अशी तीन माणसं निघाली. बँकेतल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, “यातले तुमचे वडील कोणते?” तिला हसायचं नव्हतं, मलाही नव्हतं. मग ‘या तिन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून प्रत्येक ठिकाणी जोडत फिरलो. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. दुरुस्ती त्याच आठवड्यात सोपी असते, सहा महिन्यांनी नाही. प्रती दहा-बारा तरी घ्या.

या काळात काय करू नये, तेही सांगतो. गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड वापरून किंवा त्याच्या मोबाईलवरून पैसे काढू नका. ‘खर्चाला लागतात, आपलेच तर आहेत’ असं वाटतं खरं. पण खातेदार गेला त्या क्षणापासून त्या पैशावर सगळ्या वारसांचा हक्क लागतो. पुढे भावाबहिणींत कुरबुर झाली की स्टेटमेंटमधली हीच ओळ बोट ठेवून दाखवली जाते. मोबाईलचं सिम मात्र बंद करू नका. सहा महिने रिचार्ज चालू ठेवा, कारण विम्याच्या, पीएफच्या, म्युच्युअल फंडाच्या सूचना त्याच नंबरवर येतात आणि त्यातूनच बऱ्याच गोष्टींचा शोध लागतो. निवृत्तिवेतन येत असेल तर लगेच कळवा. नंतर जमा झालेलं वेतन बँक परत वळतं करते. पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतनही कळवल्यावरच सुरू होतं.

आणि दिवस उरकेपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका. ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे’ असं कोणी म्हणालं तर तर नाहीच नाही.

काय काय आहे, याची यादी

बहुतेक घरांत मालमत्ता किती हे नक्की कोणालाच माहीत नसतं. त्यासाठी सगळ्यात बोलका कागद म्हणजे बँकेचं पासबुक. गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी भरून घ्या आणि चहा घेऊन एकेक ओळ वाचत बसा. दरवर्षी ठरावीक महिन्यात कापली जाणारी रक्कम म्हणजे विम्याचा हप्ता. दर महिन्याच्या एकाच तारखेला जाणारी म्हणजे कर्ज किंवा एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली मासिक गुंतवणूक. लहानशी जमा म्हणजे लाभांश, त्यामागे शेअर्स आहेत. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये गेलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, म्हणजे दोन लाखांचं विमासंरक्षण. २० रुपये गेलेले दिसले तर सुरक्षा विमा योजना. मृत्यू अपघाताने झाला असेल तर तिचेही दोन लाख मिळतात. कित्येक वर्षांपूर्वी बँकेत कोणीतरी फॉर्म पुढे केलेला असतो, सही झालेली असते, आणि ते पैसे मागायला कोणी जात नाही.

व्यक्ती नोकरीत असताना गेली असेल तर पीएफसोबत तीन गोष्टी विचारा: पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि ईडीएलआय. ईडीएलआय हा पीएफला जोडलेला विमा आहे, त्याची कमाल रक्कम सात लाख. कर्मचाऱ्याला त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही, म्हणून तो कोणाच्या ध्यानातही नसतो. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षांची नोकरी लागते, मृत्यू झाल्यास ही अट नाही.

जुन्या, विसरलेल्या खात्यांसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ नावाचं पोर्टल २०२३ पासून चालू आहे. दहा वर्षं न हललेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग करतात, पण वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही. त्याच बँकेत जाऊन मागायच्या. शेअर्सचा लाभांश सलग सात वर्षं कोणी घेतला नाही तर शेअर्सच केंद्र सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात. तिथूनही परत मिळतात, फक्त चिकाटी हवी.

यादी एका वहीत करा. ‘काय आहे, कोणाच्या नावावर, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे’ असे चार रकाने पुरे. देणीही त्याच वहीत, मागच्या पानापासून.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

हे एक वाक्य नीट समजलं तर घरातली निम्मी भांडणं होण्याआधीच मिटतात. नॉमिनी म्हणजे बँकेने किंवा सोसायटीने ज्याच्या हातात पैसे किंवा ताबा द्यायचा तो माणूस. तो घेतो ते सगळ्या वारसांच्या वतीने. विमा पॉलिसीबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितलं होतं. शेअर्सबाबत बरीच वर्षं गोंधळ होता, तोही २०२३ च्या डिसेंबरात मिटला: तिथेही नॉमिनी मालक होत नाही.

अपवाद एक, पण मोठा. २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती झाली. आयुर्विम्यात आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांची स्वतःचीच होते.

मग नॉमिनीचा उपयोग काय? वेळ वाचतो, आणि अगदी पुष्कळ वाचतो. खात्याला नॉमिनी असेल किंवा खातं ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला’ या प्रकारचं असेल तर बँक कोर्टाचा दाखला मागू शकत नाही, रक्कम कितीही असो. मृत्यूचा दाखला, दाव्याचा फॉर्म, ओळखपत्र, बस्स. सगळे कागद दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा असं रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. नॉमिनी नसेल तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत कोर्टात न जाता, हमीपत्र आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत घेऊन काम होतं. त्यावरच्या रकमेला बँक कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र मागू शकते.

मला एका बँकेत सव्वा लाखाच्या ठेवीसाठी ‘कोर्टातून आणा’ असं सांगून परत पाठवलं होतं. मी निमूट घरी आलो. आता असं झालं तर मी एवढंच म्हणेन, “हे लेखी द्या.” लेखी मागितलं की काउंटरवरचे नियम बरेचदा बदलतात.

नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. ठेवींसाठी टक्केवारीने किंवा एकामागून एक अशा क्रमाने, लॉकरसाठी फक्त क्रमाने. लॉकर उघडताना आतल्या प्रत्येक वस्तूची यादी बँकेचा माणूस आणि साक्षीदार यांच्यासमोर करून घ्या, फोटो काढा. दागिन्यांवरून जेवढी माणसं तुटतात तेवढी जमिनीवरूनही तुटत नसतील. आईची पाटली कोणाकडे गेली हा प्रश्न पैशांचा नसतोच.

वारस कोण, वाटा किती

मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे. नसेल तर कायद्याप्रमाणे, आणि कायदा आपल्या समजुतींपेक्षा बराच वेगळा निघतो.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात, आणि सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. आई! तरुण मुलगा गेला की घरात सून आणि नातवंडांचा विचार होतो. म्हातारी आई कोपऱ्यात बसलेली असते, तिचाही तेवढाच वाटा असतो. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत, ते दुसऱ्या वर्गात येतात. आधीच गेलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या वाट्याला त्यांची मुलं उभी राहतात, गेलेल्या मुलाची विधवाही. विधवेने पुढे लग्न केलं म्हणून तिला मिळालेला वाटा जात नाही.

लेकींबद्दल अजूनही ‘लग्नात दिलं की’ हे ऐकू येतं. लग्नाच्या खर्चाने वाटा कमी होत नाही, कायद्यात तशी वजाबाकीच नाही. वडिलोपार्जित मिळकतीत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहहिस्सेदार आहे, मुलासारखीच. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच त्या दिशेने पाऊल टाकलं होतं, पण त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींपुरतं. ‘वडील २००५ च्या आधी गेले असतील तर काय’ या प्रश्नावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले. अखेर ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माचा आहे, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायला हवेत असं नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपं उकरता येत नाहीत.

आता आत्याची गोष्ट. ती शाळेत शिक्षिका होती. लग्नानंतर चार वर्षांत विधवा झाली, मूलबाळ नव्हतं. सासरशी संबंध नावापुरताच. स्वतःच्या पगारातून हप्ते भरून तिने दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि शेवटची अकरा वर्षं आमच्या आईने तिचं सगळं केलं. तिचे कागद वडिलांसारखे नव्हते. एकेक पावती पंच करून फाईलला लावलेली. नव्हतं ते फक्त मृत्युपत्र. “माझं म्हणून जे आहे ते तुमचंच की,” असं ती म्हणायची, आणि आम्हालाही तसंच वाटायचं.

कायदा तसं मानत नाही. बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची मिळकत आधी नवरा आणि मुलांकडे जाते. ती नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे, आणि त्यांच्यानंतर कुठे माहेरचा नंबर लागतो. माहेरहून वारशाने आलेली मिळकत तेवढी मूल नसल्यास माहेरी परतते. फ्लॅट तिच्या स्वतःच्या कमाईचा होता, म्हणून तो तिच्या दिरांच्या मुलांना गेला. त्यातल्या दोघांनी तिला उभ्या आयुष्यात पाहिलेलंही नव्हतं. त्यांची चूक काहीच नाही. एका कोऱ्या कागदावर दहा ओळी आणि दोन साक्षीदार एवढंच कमी पडलं. मूलबाळ नसलेल्या प्रत्येक बाईने, अविवाहित असो वा विधवा, मृत्युपत्र आजच करावं, असं मी तेव्हापासून भेटेल तिला सांगत असतो. कधीकधी आगाऊपणा होतो, पण सांगतो.

जमीन

सातबाऱ्यावर वारसांची नावं लावणं म्हणजे वारस नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. नंतरही नोंद होते, पण उशिराने गुंता वाढतो: एका आजोबांच्या जागी सात नावं, मग त्या सातांतल्या तिघांच्या जागी अकरा.

अर्ज तलाठ्याकडे करायचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा ‘ई-हक्क’ या ऑनलाइन प्रणालीतून. सोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि नाती सांगणारं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ चा उतारा. वारसांची चौकशी होऊन ती गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत चढते, फेरफार (नावं बदलण्याची नोंद) धरला जातो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. मग सातबाऱ्यावर नावं लागतात. मयत खातेदारांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहिल्याने राज्य सरकारला २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढावी लागली.

प्रतिज्ञापत्रात सगळे वारस लिहा. बहिणीचं नाव गाळून केलेली नोंद आज चालून जाते, पण जमीन विकायची वेळ आली की खरेदीदाराचा वकील वंशावळ मागतो आणि सगळं उलगडतं. शिवाय सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. नाव लागलं नाही म्हणून बहिणीचा हक्क जात नाही, आणि नाव लागलं म्हणून एकट्या भावाचा होत नाही.

शहरात सातबाऱ्याच्या जागी प्रॉपर्टी कार्ड असतं, तिथे अर्ज नगर भूमापन कार्यालयात. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला असते, ती वेगळी बदलून घ्यावी लागते. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून घरपट्टीवर आपोआप चढत नाही.

फ्लॅट

सोसायटीतल्या फ्लॅटला नॉमिनी असेल तर सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करून घेते. तो सभासद म्हणून पत्रव्यवहार करील, देखभाल खर्च भरील, पण खरा वारस ठरेपर्यंतच. कायमच्या हस्तांतरणासाठी मृत्युपत्र, कोर्टाचा वारस दाखला किंवा सगळ्या हक्कदारांनी केलेलं कौटुंबिक व्यवस्थापत्र, यांपैकी काहीतरी लागतं. भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, आणि मूळ खरेदीखत शोधून ठेवा. गृहकर्ज चालू असेल तर खरेदीखत बँकेत असेल. त्या कर्जावर विमा काढला होता का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

कोर्टाच्या कागदांची नावं ऐकून लोक घाबरतात. ढोबळमानाने असं: बँक ठेवी, शेअर्स अशा येण्यांसाठी वारसा प्रमाणपत्र, वारस कोण हे ठरवून घेण्यासाठी वारस दाखला, जो महाराष्ट्रात अजूनही १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतो, आणि मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाची मोहर म्हणजे प्रोबेट. मुंबईतल्या मिळकतीला प्रोबेटची सक्ती असायची. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने ते कलमच काढून टाकलं. तरी मृत्युपत्रावर वाद असेल तर प्रोबेट घेतलेलं बरं. तिन्हींसाठी वकील लागतो, वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते. कोणी हरकत घेतली नाही तर काही महिन्यांत काम होतं. घेतली तर मात्र तारखा मोजणं सोडून द्या.

हक्कसोड: सहीच्या आधी

वारसांपैकी एकाला आपला वाटा दुसऱ्याच्या नावे सोडायचा असेल तर हक्कसोड पत्र करतात. ते दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवावंच लागतं. नोटरी केलेला कागद जमीन-घराच्या बाबतीत चालत नाही. वारशाच्या मिळकतीतला हक्क मोबदला न घेता भावाबहिणींना किंवा आईला सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं.

सोय म्हणून ही उत्तम गोष्ट आहे. आईच्या नावे सगळ्यांनी हक्क सोडले, घर एका नावावर आलं, छान. पण गावाकडे बहिणींना तेराव्याला आल्या आल्या गाडीत घालून निबंधक कार्यालयात नेतात, तेव्हा ती सोय नसते. एकदा नोंदवलेलं हक्कसोड पत्र परत फिरवायचं तर फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो, आणि भावाने ‘माहेर तुटेल’ म्हटल्याचा पुरावा कोण देणार? बहिणींनो, मसुदा आधी घरी मागवा. कुठल्या गटाबद्दल आहे, सगळ्या मिळकतीबद्दल आहे की एकाच, कोणाच्या नावे आहे, हे वाचा. सोडायचंच असेल तर खुशाल सोडा, पण वर्षश्राद्धानंतर.

वडील हयात असताना मुलीकडून ‘मला वारशात काही नको’ असं लिहून घेतलेला कागद त्यांच्या स्वकष्टाच्या मिळकतीपुरता कुचकामी आहे. अजून न मिळालेला वारसा सोडता येत नाही. वारसांत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या वतीने आई हक्क सोडून मोकळी होऊ शकत नाही, कोर्टाची परवानगी लागते.

कर्ज, कर आणि किरकोळ

वारसांना कर्ज फेडावं लागतं ते वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. वसुलीवाल्याने फोनवर दम दिला तर हे लक्षात ठेवा. तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीन असाल तर गोष्ट वेगळी, तिथे जबाबदारी तुमची स्वतःची.

वारसा कर भारतात १९८५ पासून नाही. मात्र एक एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र गेलेल्या व्यक्तीच्या वतीने भरायचं असतं. त्यासाठी प्राप्तिकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा. परतावा येईपर्यंत पॅन कार्ड परत करू नका. वारशाने आलेलं घर पुढे विकलं तर भांडवली नफा मोजताना मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात, म्हणून जुनं खरेदीखत आणि दुरुस्तीची बिलं जपा.

गाडीसाठी आरटीओला ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा, विमाही त्याच वेळी नावावर करायचा. वीज, गॅस, शिधापत्रिका सगळ्यात शेवटी केली तरी काही अडत नाही.

आता तुमचं मृत्युपत्र

हे सगळं निस्तरून झाल्यावर माणूस स्वतःच्या मृत्युपत्राला बसतो, किंवा बसायला हवं. साधा कागद चालतो, स्टॅम्पपेपर लागत नाही. मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं असेल तर उत्तमच. तुमची सही आणि तुम्हाला सही करताना पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांच्या सह्या एवढीच कायद्याची अट. साक्षीदारांनी आतला मजकूर वाचायची गरज नाही. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. शक्यतो वयाने लहान माणसं घ्या. आमच्या एका शेजाऱ्यांनी दोन्ही साक्षीदार आपल्या कट्ट्यावरचे घेतले होते. मृत्युपत्र उघडलं तेव्हा कट्ट्यावर कोणी उरलं नव्हतं.

नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवा. आजारी माणसासाठी निबंधक कार्यालयातून घरी येण्याची सोय आहे. वय जास्त असेल तर ‘विचारशक्ती शाबूत आहे’ असा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा जोडा. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं खरं, म्हणून तारीख टाका आणि ‘याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य लिहा. वडिलोपार्जित मिळकतीत फक्त तुमचा वाटा देता येतो, भावांचा नाही. मुस्लिम व्यक्तीला एकतृतीयांशपेक्षा जास्त मिळकत मृत्युपत्राने द्यायची तर वारसांची संमती लागते.

मिळकतींची वर्णनं गट नंबर, फ्लॅट नंबर, खाते क्रमांकासह लिहा, आणि शेवटी एक ओळ हमखास: ‘वर न लिहिलेली किंवा यापुढे मिळणारी सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला.’ ही ओळ नसल्याने पाच वर्षांनी घेतलेली ठेव अधांतरी राहते. एखाद्या मुलाला कमी देत असाल तर कारण दोन ओळींत, राग न काढता लिहा. कारण दिसलं नाही की दबाव टाकून लिहून घेतल्याचा संशय घ्यायला जागा मिळते. अंमलबजावणी कोणी करायची त्या व्यवस्थापकाचं नाव टाका, आणि त्याला ते आधी विचारा. मग सगळ्या खात्यांचे नॉमिनी मृत्युपत्राशी जुळवून घ्या. मृत्युपत्रात मुलगी आणि नॉमिनी भाऊ असं ठेवलं तर तुम्ही गेल्यावर त्या दोघांना एकमेकांच्या दारात उभं करून जाल.

आणि ते कुठे ठेवलंय हे दोघांना तरी सांगा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला कागद लागतात, आणि ते कागद लॉकरमध्ये असतात.

माझी स्वतःची फाईल हिरवी आहे, कपाटात डावीकडे. वर मृत्युपत्राची प्रत, खाली चार रकान्यांची वही, तिच्या शेवटच्या पानावर गृहकर्ज आणि शेजाऱ्याला दिलेले उसने पैसे. मोबाईलचा पासवर्ड बंद पाकिटात बायकोकडे आहे. मी काही महिने खातं उघडलं नाही तर गुगल तिला कळवेल अशी त्यांच्या ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये सोय करून ठेवलीय, म्हणजे फोटो अडकून पडणार नाहीत. दर एप्रिलमध्ये विवरणपत्राचे कागद काढताना ती वही उघडतो आणि पेन्सिलीने दुरुस्त्या करतो. गेल्या एप्रिलमध्ये मुलीने विचारलं, “बाबा, ह्या यादीत ट्रंक नाही लिहिली?” ट्रंक रिकामी आहे, पण लिहिली, तिच्या नावापुढे.